संशय किती घ्यावा?

कायदा माणसाला संशय घ्यायला शिकवतो. कोऱ्या कागदावर सही करू नये, पावती घेतल्याखेरीज पैसे सोडू नयेत, मूळ दाखला पाहिल्याशिवाय नकलेवर विसंबू नये, हे आपण वडीलधाऱ्यांकडून ऐकत आलो, आणि कोर्टाची पायरी चढलेल्यांना ते अधिकच पटलेले असते. संशय कमी पडला म्हणून नुकसान सोसलेली माणसे गावोगावी भेटतात. पण संशय जास्त झाला म्हणून कोणाला दंड झाल्याचे आपण सहसा ऐकत नाही. फार तर 'माणूस जरा संशयी आहे' असे लोक म्हणतात, आणि त्या म्हणण्यातही थोडे कौतुक मिसळलेले असते. संशय कोठवर घ्यावा हे ठरवून देणारा, आणि त्याच्या पुढे पाऊल टाकणाऱ्यालाही दोषी धरणारा कायदा माझ्या पाहण्यात एकच आला. तो अमेरिकेतला आहे, आणि नोकरीवर येणाऱ्या माणसाचे कागद तपासण्याविषयीचा आहे. गेली दोनेक वर्षे तो माझ्या डोक्यात घोळतो आहे.

या विषयाकडे मी वळलो त्याचे कारण साधे आहे. येथील उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीच्या टाइम ऑफिसात माझी एकतीस वर्षे गेली. मस्टर, रजा, प्रॉव्हिडंट फंडाचे फॉर्म आणि नव्या माणसाचे दाखले हेच माझे जग. माणसाआधी त्याच्या कागदाकडे पाहण्याची सवय त्या खुर्चीत आपोआप लागते. माझी भाची अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात वृद्धांच्या एका शुश्रूषागृहाच्या कार्यालयात जवळपास हेच काम करते. २०२४ च्या पावसाळ्यानंतर तीन महिने मी आणि माझी बहीण तिच्याकडे होतो. रात्रीची जेवणे झाली की मामा-भाचीच्या गप्पा सुरू होत, आणि त्या फॉर्मांवरच येऊन ठेपत. बहीण वैतागून उठून जाई.

या कायद्याची गोष्ट थोडी मागून सांगायला हवी. १९५२ च्या अमेरिकन कायद्यात बेकायदा आलेल्या परदेशी माणसाला आसरा देणे हा गुन्हा होता. मात्र त्याला कामावर ठेवणे म्हणजे आसरा देणे नव्हे, अशी तरतूद त्याच कायद्यात करून ठेवलेली होती. टेक्सासच्या शेतमालकांची सोय पाहून ती केलेली, म्हणून तिला 'टेक्सास प्रोव्हायझो' असेच नाव पडले. म्हणजे येणारा गुन्हेगार आणि त्याच्या घामावर शेत पिकवणारा मात्र निर्दोष! हा दुटप्पीपणा ३४ वर्षे चालला. ६ नोव्हेंबर १९८६ रोजी अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी नव्या कायद्यावर सही केली, आणि जाणूनबुजून विनापरवाना माणूस कामावर ठेवणारा मालकही दंडास पात्र झाला. त्या तारखेनंतर नोकरीला लागणाऱ्या प्रत्येकाचा, मग तो काल आलेला परदेशी असो की सात पिढ्यांचा अमेरिकन, 'आय-९' नावाचा एक फॉर्म भरून ठेवणे मालकाला बंधनकारक झाले. पहिला भाग कामगाराने कामाच्या पहिल्या दिवसापर्यंत भरायचा. दुसरा मालकाने तीन कामकाजी दिवसांत, मूळ कागद पाहून.

येथवर यात नवल काही नाही. सरकारने आपले पहाऱ्याचे काम खाजगी माणसाच्या गळ्यात बांधले, एवढेच. हॉटेलवाला, इमारतीचा कंत्राटदार, शुश्रूषागृहातली माझी भाची, हे सगळे बिनपगारी नाकेदार झाले. नवल पुढे आहे. कागदांच्या तीन याद्या ठरवून दिल्या: पहिलीतला एकच कागद ओळख आणि कामाचा हक्क दोन्हींसाठी पुरतो; नाहीतर दुसरीतला एक ओळखीसाठी आणि तिसरीतला एक हक्कासाठी. यांपैकी कोणता दाखवायचा हे कामगाराने ठरवायचे, मालकाने नाही. आणि दाखवलेला कागद वरवर पाहता खरा वाटत असेल, समोरच्या माणसाचाच वाटत असेल, तर मालकाने तो स्वीकारलाच पाहिजे. त्याने तज्ज्ञ व्हावे अशी अपेक्षा नाही. किंबहुना त्याने तज्ज्ञ होऊ नये अशीच अपेक्षा आहे.

'वरवर पाहता खरा' ही कसोटी ऐकून प्रथम मला हसू आले. आमच्या पिढीतल्या निम्म्या लोकांची जन्मतारीख १ जून आहे. शाळेत नाव घालायला नेले, वडिलांना तारीख आठवेना, मास्तरांनी शाळा उघडण्याच्या हिशेबाने १ जून लिहून टाकली. आमच्या मस्टरवर १ जूनला जन्मलेले इतके होते, की त्या दिवशी कारखान्यात कोणी पेढे वाटले असते तर फाउंड्री बंद ठेवावी लागली असती! आता हा दाखला खरा की खोटा? शिक्का खरा, सही खरी, माणूस खरा. तारीख तेवढी मास्तरांची. जो खोलात शिरेल त्याच्या हाती सत्य लागणार नाही, फक्त एका माणसाची नोकरी जाईल. वरवर पाहणे हा आळस नसून कधीकधी न्यायही असतो, हे मला त्या खुर्चीत बसूनच कळले होते. अमेरिकेच्या कायद्यात ते लिहून ठेवलेले सापडले याचे नवल वाटले.

अर्थात ही समज त्या कायद्यालाही एकदम आली नाही. मालकांना दंडाचा धाक बसताच त्यांनी काय केले असेल हे सांगायला ज्योतिषी नको. ज्याचा चेहरा वेगळा, ज्याच्या बोलण्याला परदेशी हेल, त्याला दारातूनच परत पाठवायचे. उगाच झंझट नको. १९८६ च्या कायद्यातच भेदभावाविरुद्ध एक कलम होते, पण ते अपुरे पडले. मार्च १९९० मध्ये अमेरिकन काँग्रेसच्या हिशेबतपासणी कार्यालयाने अहवाल दिला, की सर्वेक्षणातल्या सुमारे दहा टक्के मालकांनी या कायद्यामुळेच परदेशी दिसणाऱ्या वा तसे बोलणाऱ्या उमेदवारांबाबत भेदभाव सुरू केला होता. यांतले सगळे दुष्ट होते असे मला वाटत नाही. बरेचसे सावध होते.

त्याच वर्षी, २९ नोव्हेंबर १९९० रोजी, थोरल्या बुश यांच्या सहीने जो कायदा झाला त्यात दोन गोष्टी एकत्र आल्या. यादीतला चालणारा कागद समोर असताना आणखी कागद मागणे, किंवा 'हा नको, तो आण' म्हणणे, हा स्वतंत्र दोष ठरला. (१९९६ मध्ये त्याला भेदभावाच्या हेतूची अट जोडली गेली, त्यामुळे त्याची धार कमी झाली, तरी तो टिकून आहे.) आणि त्याच कायद्यात 'तात्पुरते संरक्षण' या नावाची सोय निर्माण झाली. एखाद्या देशात युद्ध पेटले, भूकंप झाला, वादळाने गावे वाहून गेली, तर त्या देशाची जी माणसे त्या वेळी अमेरिकेत असतील त्यांना परत पाठवायचे नाही. सहा, बारा किंवा अठरा महिने राहू द्यायचे, काम करू द्यायचे, आणि मुदत संपत आली की त्या देशाची परिस्थिती पुन्हा पाहायची. कायमच्या वास्तव्याची वाट त्यातून निघत नाही. ते फक्त तात्पुरते.

'तात्पुरते' या शब्दावर टाइम ऑफिसातल्या माणसाने बोलू नये हेच बरे. आमच्याकडे 'हंगामी' नावाचा वर्ग होता. दोनशेचाळीस दिवस भरायच्या आत त्यांना 'ब्रेक' द्यायचा, म्हणजे कायमपणाचा प्रश्न उपस्थित होत नाही. आठवड्याने तेच हात पुन्हा त्याच भट्टीपाशी. अशा 'हंगामी' माणसांची मुले शाळा संपवून बाहेर पडलेली मी पाहिली. अमेरिकेतही तेच. १९९८ च्या मिच वादळानंतर होंडुरास आणि निकाराग्वाच्या लोकांना जानेवारी १९९९ मध्ये मिळालेले संरक्षण मुदतवाढ घेत घेत २०२५ पर्यंत आले. २००१ च्या भूकंपांनंतर एल साल्वादोरला मिळालेलेही असेच वीस वर्षे उलटून गेले तरी चालू राहिले. जानेवारी २०१० च्या भूकंपानंतर हैती, एप्रिल २०१५ च्या भूकंपानंतर नेपाळ, अशी यादी वाढत गेली.

या माणसांना काम करण्याच्या परवान्याचे एक कार्ड मिळते. त्यावर फोटो असतो, 'ए-१२' किंवा 'सी-१९' असा वर्ग असतो, आणि एक तारीख असते. खरी गंमत या तारखेत आहे. देशाचे संरक्षण वाढते, पण लाखो लोकांना नवी कार्डे छापून वेळेवर देणे सरकारला जमत नाही. मग सरकार आपल्या राजपत्रात एक सूचना छापते: अमुक देशाच्या, अमुक वर्गाच्या, अमुक तारीख असलेल्या कार्डांची मुदत आपोआप अमक्या दिवसापर्यंत वाढली आहे असे समजावे. कार्ड तेच, त्यावरची तारीख तीच. उदाहरण द्यायचे तर नोव्हेंबर २०२२ च्या एका सूचनेने, २४ जून २०१९ ही तारीख छापलेले नेपाळी माणसाचे कार्ड ३० जून २०२४ पर्यंत चालणारे ठरले. म्हणजे पाच वर्षांमागे 'मेलेले' कार्ड घेऊन माणूस दारात उभा राहतो, आणि ते जिवंत आहे असे मानणे हे मालकाचे कर्तव्य असते. राजपत्राची प्रत बरोबर आणण्याची सक्तीही त्याच्यावर नाही. ती माहिती मालकाने करून घ्यायची. आय-९ वर वाढीव तारीख लिहायची, आणि ती उलटेपर्यंत पुन्हा विचारायचे नाही.

मी तेथे असताना, ऑक्टोबर २०२४ मध्ये, भाचीपुढे असाच एक प्रसंग आला. रात्रपाळीत वृद्धांची देखभाल करण्यासाठी हैतीची एक बाई नव्याने रुजू होत होती. तिच्या कार्डावर तारीख होती ३ ऑगस्ट २०२४. जुलैमधल्या राजपत्राने अशी कार्डे ३ ऑगस्ट २०२५ पर्यंत वाढवली होती, ते भाचीला ठाऊक होते. तिच्या वरचे अधिकारी म्हणाले, कार्डाची मुदत तर संपलेली दिसते. खात्रीसाठी तिचे सोशल सिक्युरिटी कार्डही मागून घे. यात काय बिघडले, असे मलाही क्षणभर वाटले. भाचीने समजावून सांगितले.

"मामा, हिच्यासारख्यांच्या सोशल सिक्युरिटी कार्डावर 'केवळ सरकारी परवानगी असेल तरच कामासाठी ग्राह्य' असे छापलेले असते. ते कार्ड यादीत चालतच नाही. म्हणजे मी ते मागायचे, तिने भाबडेपणाने आणून द्यायचे, आणि आम्ही म्हणायचे, बघा, हिच्याकडे तर चालणारा कागदच नाही."

"पण तुझ्या साहेबांच्या मनात तसे नसेल."

"नसेलच. ते चांगले आहेत. त्यांना फक्त खात्री हवी आहे."

तिने राजपत्राचे पान आणि मालकांसाठीच्या सरकारी पुस्तिकेतला उतारा त्यांच्या टेबलावर ठेवला, आणि बाईला त्याच रात्री पाळीवर घेतले. साहेब रागावले नाहीत, पण खूशही झाले नाहीत.

'त्यांना फक्त खात्री हवी आहे.' हे वाक्य मी बरेच दिवस मनात घोळवले. खात्री हवी असणे हा सद्गुण आहे असे आपण धरून चालतो. तत्त्वज्ञानात तर संशयाला मानाचे पान आहे. देकार्तने सगळ्यावर संशय घेऊन आपल्या विचाराचा पाया शोधला. पण देकार्तचा संशय त्याच्या स्वतःच्या ज्ञानावर होता, त्यापायी कोणाचा पगार थांबला नाही. टाइम ऑफिसातल्या संशयाचे तसे नाही. मी संशय घेतो तेव्हा त्याचा खर्च माझ्या खिशातून जात नाही. मी 'आणखी एक दाखला आण' म्हणतो तेव्हा रामदुर्गहून एस.टी.ने आलेला माणूस परत जातो, तलाठ्याकडे खेटे घालतो, आठ दिवसांची मजुरी बुडवतो. माझे मन निश्चिंत होते ते त्याच्या पैशाने. ज्या सावधपणाची किंमत सावध माणसाला मोजावी लागत नाही, तो सावधपणा निष्पाप आहे असे म्हणणे मला कठीण वाटते. फार तर तो सवयीचा आहे असे म्हणता येईल.

मालकाची बाजू मी विसरलेलो नाही. वीस माणसांचे हॉटेल चालवणाऱ्याने रोज सकाळी राजपत्र वाचावे ही अपेक्षा अतिरेकी आहे. फॉर्ममधल्या चुकीलाही दंड आहे, आणि तो फॉर्मागणिक शेकडो ते हजारो डॉलर असू शकतो. विनापरवाना माणूस जाणूनबुजून ठेवला तर वेगळेच. 'जाणूनबुजून' या शब्दात 'लक्ष दिले असते तर कळले असते' हेही येते. मात्र त्याच नियमात पुढे स्पष्ट म्हटले आहे, की परदेशी चेहरा किंवा हेल यावरून कोणाला असे ज्ञान झाले असे मानता येणार नाही. दोन्ही बाजूंनी कुंपण, मध्ये चालायला चिंचोळी वाट. पण तराजूच्या दोन पारड्यांत काय काय आहे ते पाहावे. मालक चुकला तर दंड भरतो आणि दुकान चालू राहते. कामगाराच्या बाबतीत चूक झाली तर त्याचे घरभाडे थकते. चूक होणारच असेल तर ती कोणाच्या अंगावर जावी, हा प्रश्न कायद्याने सोडवला आहे, आणि माझ्या मते बरोबर सोडवला आहे.

मात्र यापुढे जे आहे ते इतके सरळ नाही.

कागदापुरतेच पाहा, माणसाकडे पाहू नका, हा या कायद्याचा गाभा. त्याने हैतीच्या बाईला साहेबांच्या खात्रीपासून वाचवले. पण याच गाभ्याला दुसरी धार आहे. राजपत्रातली तारीख उलटली, नवी सूचना निघाली नाही, की पंधरा वर्षे ज्याच्याबरोबर काम केले, ज्याच्या मुलीच्या बारशाला गेलो, त्याला मालकाने दाराबाहेर करायचे. 'मी याला ओळखतो' हे उत्तर फॉर्मावर लिहायला जागा नाही. ओळख नसताना विश्वास ठेवायला लावणारा नियम, ओळख असताना विश्वास ठेवू देत नाही. जेथे सरकारी 'ई-व्हेरिफाय' यंत्रणा वापरतात तेथे पडद्यावर उत्तर येते. (अॅरिझोनाने ती २००७ मध्ये सक्तीची केली आणि २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते मान्य केले.) उत्तर जुळले नाही तर तक्रार करायला आठ सरकारी कामकाजी दिवस मिळतात, आणि तक्रार चालू असताना कामावरून काढता येत नाही, एवढा दिलासा आहे.

मग कारकुनाला थोडी मोकळीक द्यावी का? ओळखीच्या, चांगल्या माणसाला सवलत द्यायचा अधिकार? पहिल्या मनाने मी हो म्हटले असते. पण आमच्या कारखान्यात ती मोकळीक होती, आणि तिचा उपयोग कसा होई हे मी पाहिले आहे. 'आपला माणूस' असला की दाखला मागाहून आला तरी चाले. कोणाचा पाहुणा, कोणाच्या गावचा, कोणाच्या जातीचा. ज्याची ओळख नाही तो तीन खेटे घाली. कारकुनाची दया ही ओळखीच्या वाटेनेच चालते. ज्याला ती मिळते त्याला ती माणुसकी वाटते, आणि ज्याला मिळत नाही त्याला ती दिसतही नाही. तेव्हा कारकून आंधळा असावा हेच खरे. त्याचा आंधळेपणा मला मान्य आहे, पण एका अटीवर: कार्डावरची तारीख जो ठरवतो त्याने तरी डोळे उघडे ठेवले पाहिजेत. खालच्या खुर्चीवरून पाहण्याचे काम काढून घेतले, ते वरच्या खुर्चीवर गेले, म्हणूनच खालचा अन्याय टळला. वरच्यानेही पाहिले नाही, तर कोणीच पाहिले नाही असे होते.

कायद्यात हे आहे. मुदत संपण्याच्या किमान साठ दिवस आधी गृहसुरक्षा खात्याच्या मंत्र्याने त्या देशाची परिस्थिती तपासायची, माणसे सुरक्षितपणे परत जाऊ शकतात का ते पाहायचे. काहीच ठरवले नाही तर संरक्षण आपोआप सहा महिने वाढते. आता २०२५ मध्ये हैतीच्या बाबतीत काय झाले ते पाहा. आधीच्या सरकारने ३ फेब्रुवारी २०२६ पर्यंत मुदत दिली होती. फेब्रुवारी २०२५ मध्ये नव्या सरकारने ती मागे ओढून ३ ऑगस्ट २०२५ केली. जूनअखेर जाहीर केले की संरक्षण २ सप्टेंबरला संपेल, कारण हैतीत परतणे आता पुरेसे सुरक्षित आहे. १ जुलै रोजी ब्रुकलिनच्या संघीय न्यायाधीशांनी निकाल दिला, की दिलेली मुदत अशी मागे ओढता येत नाही. तारीख पुन्हा ३ फेब्रुवारी २०२६. हे चालू असताना त्याच सरकारच्या परराष्ट्र खात्याची आपल्या नागरिकांना सूचना होती: हैतीला जाऊ नका. आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये विमानांवर गोळीबार झाल्यापासून राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्सला अमेरिकन विमाने उतरवायला त्याच सरकारची बंदी होती. आपले विमान जेथे उतरू द्यायचे नाही तेथे माणसाने मात्र सुखरूप पोचावे! येथे डोळे उघडे होते असे कोण म्हणेल?

नेपाळचेही संरक्षण ५ ऑगस्ट २०२५ रोजी संपेल असे जूनमध्ये जाहीर झाले, आणि तेही प्रकरण कोर्टात गेले. नेपाळचे नाव आले म्हणून एक गोष्ट सांगायची राहू नये. आमच्या वसाहतीत रात्री शिट्टी वाजवत फिरणारा गुरखा नेपाळचा आहे. ३१ जुलै १९५० च्या भारत-नेपाळ करारामुळे त्याला येथे राहायला, काम करायला परवाना लागत नाही. त्याला कोणी कार्ड विचारत नाही. त्याच्याच देशाचा माणूस टेक्सासात पेट्रोल पंपावर उभा असेल तर त्याला कार्ड लागते. आपण मोठ्या मनाचे आणि ते कोत्या मनाचे, असा निष्कर्ष काढायला मी तयार नाही. आमच्या गुरख्याला कागद विचारत नाहीत हे खरे. पण त्याला पगाराचा कागदही कोणी देत नाही. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात घरोघरी जाऊन तो जे मिळेल ते घेतो. कागदाच्या बाहेर राहिलेल्याला संशय शिवत नाही, तसा हक्कही शिवत नाही.

आपल्याकडच्या घरांना हा विषय परका वाटण्याचे कारण नाही. येथून गेलेल्या कितीतरी मुलींनी, नवऱ्याच्या व्हिसावर गेल्यामुळे, काही वर्षे घरात बसून काढली; २०१५ च्या नियमाने त्यांतल्या अनेकींना कामाचा परवाना मिळू लागला. तो याच जातीच्या कार्डावर, तारखेसह. मुदतवाढीचा अर्ज वेळेत केला की जुने कार्ड काही काळ आपोआप चाले. ३० ऑक्टोबर २०२५ पासून केलेल्या अर्जांना ती सवलत राहिली नाही. राजपत्रातल्या सूचनेने वाढणारी तात्पुरत्या संरक्षणाची कार्डे तेवढी त्यातून वगळली गेली. बेळगावच्या एखाद्या घरात जेव्हा फोनवर 'तिचे कार्ड अजून आले नाही' असे ऐकू येते, तेव्हा त्या घराला हैतीच्या बाईची भाषा थोडी तरी समजावी.

नोव्हेंबर २०२५ मध्ये पुन्हा सूचना निघाली: हैतीचे संरक्षण ३ फेब्रुवारी २०२६ रोजी संपेल. भाचीच्या शुश्रूषागृहात रात्रपाळीच्या अनेक बायका त्या यादीत होत्या. जानेवारीत तिने पाळ्यांची दोन वेळापत्रके केली, एक त्या असतील तर आणि एक नसतील तर. दुसऱ्या वेळापत्रकात काही रात्री एका मजल्यावर एकच बाई येत होती, आणि त्या मजल्यावरच्या काही म्हाताऱ्यांना कूस बदलायलाही दोघींचे हात लागतात. २ फेब्रुवारीला वॉशिंग्टनच्या एका संघीय न्यायाधीशांनी ती समाप्ती स्थगित केली. वाद मग वरच्या कोर्टात गेला. आमच्याकडे सकाळ झाली होती, मी चहा घेत होतो, तेव्हा तिचा फोन आला. तिने पहिले वेळापत्रक भिंतीला लावले होते.

"आणि दुसरे फाडून टाकलेस ना?" मी विचारले.

"नाही मामा, खणात ठेवले आहे," ती म्हणाली. मग तिच्याकडची रात्र फार झाली होती म्हणून आम्ही फोन ठेवला.